उघडता येणारी गाडी

वळीव एकदा बरा पडून गेला की जीप घोडीवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवायची, हा आमच्या घरचा रिवाज. राधानगरीच्या पट्ट्यात जूनपासून पुढं रस्ता म्हणजे तांबडा चिखल आणि जांभ्याचे गोटे. त्यात उतरायच्या आधी गाडीखाली पाठीवर पडून सगळं हातानं चाचपून घेतलं की पावसाळा सुखाचा जातो. चाकं काढायची, स्प्रिंगच्या पाट्यांमधला वाळलेला चिखल तारेच्या ब्रशनं झाडायचा आणि मग ग्रीसगन घेऊन एकेका निपलापाशी, म्हणजे ग्रीस भरायच्या बारीक तोंडापाशी, बसायचं. पाटे जिथं टांगलेले असतात त्या शॅकलचे निपल, पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकांचे, चाकांकडं इंजिनाची ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचे, आणि स्लाइडिंग जॉइंटचा तो एक, जो शाफ्ट हातानं फिरवल्याशिवाय दिसतच नाही. दांडा दाबत राहायचं. आधी काळं, मातीनं कचकचणारं ग्रीस बाहेर येतं, मग तपकिरी, आणि शेवटी डब्यातल्यासारखं स्वच्छ. ते दिसलं की पुढचा निपल.

या कामात मला दरवर्षी नव्यानं कौतुक वाटतं ते त्यामागच्या विचाराचं. सील पाणी अडवतं. पण एकदा आत शिरलेलं पाणी बाहेर काढायची सोय सीलमध्ये नसते. ते काम ग्रीस करतं. नव्या ग्रीसच्या दाबानं जुनं ग्रीस, पाणी, वाळू सगळं बाहेर ढकललं जातं. म्हणजे ही गाडी ज्यांनी आखली, त्यांनी धरूनच चाललं होतं की आत घाण जाणार, भाग झिजणार, आणि मालक नाहीतर मिस्त्री ठरावीक दिवसांनी खाली येऊन बसणार. झीज कुठं व्हावी हेही त्यांनीच ठरवलेलं असतं: बुशमध्ये, क्रॉसमध्ये, बेअरिंगमध्ये, म्हणजे स्वस्तातल्या आणि बदलता येणाऱ्या भागांत. महागाचा भाग त्यामुळं वाचतो. डोंगरात आणि शेतात राबणाऱ्या गाडीसाठी याहून शहाणा विचार मला माहीत नाही.

आमची जीप एमएम ५४०. तिचं घराणं थोडक्यात सांगायला हवं, कारण दुरुस्तीचं निम्मं कोडं घराण्यातच सुटतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. त्यातून पुढं आपल्याकडं रुजली ती सीजे ३ बी. तिचं बॉनेट एवढं उंच का, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९५३ साली अमेरिकेत विलीजनं या गाडीत हरिकेन इंजिन बसवलं. त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये अशी रचना होती. इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. तिकडं ही गाडी १९६८ मध्ये बंद झाली, इकडं ती त्यानंतरही कित्येक वर्षं निघत राहिली. मग डिझेलचे दिवस आले आणि प्युजोचं इंजिन आलं. एमएम ५४० मध्ये बसलं ते २११२ सीसीचं. इंजिन फ्रेंच, अ‍ॅक्सल विलीजच्या वंशातले, आणि वापर अस्सल आपला: पुढं तिघं, मागं दुधाचे कॅन, खताची पोती, आणि वाटेत हात केला त्याला जागा.

या घराण्याच्या खुणा कुठंकुठं सापडतात. जुन्या विलीज धर्तीच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. चाकाच्या फिरण्यानं नट सैल पडू नये म्हणून केलेली ती योजना. ज्याला हे माहीत नाही तो पाना लावून सगळं वजन टाकतो, नट आणखी आवळत जातो आणि शेवटी स्टड तुटतो. अशा गाडीची सगळ्यात मोठी जोखीम मला वाटते ती हीच, की तिला ओळखणारं माणूस जवळपास उरलेलं नसावं.

आमच्या नशिबानं ते आहे. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, आत खड्डा, भिंतीवर पाने टांगलेले. मालक वयानं सत्तरीकडं झुकलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही.

एका वर्षी आमच्या जीपचं पुढचं चाक थरथरायला लागलं. चाळिशी-पन्नाशीच्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग हातात असं नाचायचं, की गाडी पार थांबवल्याशिवाय शांत होत नसे. जुन्या जीपवाल्यांना हा आजार नवा नाही. त्यावर लोक काय काय करतात: चाकं बॅलन्स करून आणतात, टायर बदलतात, स्टिअरिंगला डँपर लावतात. डँपरनं थरथर दबते, पण ती का होतेय ते कारण तिथंच राहतं आणि आतल्या आत बेअरिंग खात बसतं.

मामांनी पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेतला. चाक वरून आणि खालून धरून हलवलं. हललं. मग मला आत बसवलं.

"ब्रेक दाब. सोडू नकोस हं आता."

मी पेडल दाबून धरलं. त्यांनी पुन्हा चाक हलवलं.

"हल्तंयच. ब्रेक दाबून बी हल्तंय, म्हंजी चाकाच्या बेअरिंगचं न्हाई. किंगपिनचं हाय."

केवढी सोपी आणि पक्की परीक्षा आहे ही. ब्रेक दाबला की ड्रम आणि ब्रेकप्लेट एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळं चाकाच्या बेअरिंगमधला ढिलेपणा जाणवत नाही. तरीही खेळ राहिला तर तो त्याच्या मागचा, म्हणजे ज्या खुंटावर अख्खं चाक डावीउजवीकडं वळतं त्या किंगपिनचा. यंत्र नाही, मोजमाप नाही. फक्त एकाचा पाय आणि दुसऱ्याचे दोन हात.

किंगपिनच्या टोपीचे बोल्ट काढले. टोपीखालून कागदासारखे पातळ पत्रे निघाले, एकावर एक चिकटलेले. हे शिम. तीन थाऊ, पाच थाऊ, दहा थाऊ अशा जाडीचे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लेथवर काम करणाऱ्या माणसाला तो नखानं कळतो. बेअरिंग झिजलं की मधली जागा वाढते, आणि ती भरून काढायला शिम कमी करायचे. जास्त काढले तर स्टिअरिंग जड होतं आणि बेअरिंग दबून मरतं. कमी काढले तर थरथर तशीच. टाय रॉड सोडवून ठेवलेला. मामांनी एक पातळ शिम काढला, टोपी आवळली, नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारा चाकामागचा सांधा, हातानं वळवून सोडला. तो आपणहून फिरत जाऊन एका बाजूला पडला. पुन्हा उघडलं, आणखी एक काढला, आवळलं, वळवलं. आता तो जिथं सोडला तिथंच थांबला, आणि हलवताना हाताला लोण्यातून सुरी जावी तसा सारखा, न अडखळणारा विरोध लागला. पुस्तकात यासाठी ताणकाट्यानं ओढून बघायला सांगितलंय, आणि ते बरोबरच आहे. पण मामांनी माझा हात त्या नकलवर ठेवला आणि म्हणाले, "हे ध्यानात ठेव. एवढंच जड पायजे." ते वजन माझ्या हातात अजून आहे.

भागांची गोष्ट वेगळी आणि जरा कडू. जुन्या गाडीला पार्ट मिळत नाहीत असं सरसकट म्हणतात, ते खरं नाही. पार्ट मिळतात, चांगले पार्ट शोधावे लागतात. डबा नवा, छपाई झकपक आणि आतलं बेअरिंग हाताला खडबडीत, असा माल बाजारात पुष्कळ आहे. बेअरिंग घेताना अंगावरचा नंबर कोरलेला आहे की नुसता छापलेला हे बघावं, आणि कप-कोन, म्हणजे बेअरिंगचे बाहेरचा आणि आतला असे दोन भाग, नेहमी जोडीनं बदलावेत. माझं मत असं झालंय की वाईट नव्या पार्टपेक्षा नीट तपासलेला जुना पार्ट कितीतरी बरा. आणि जिथं दोन्ही मिळत नाही तिथं कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आहे. ऑइल इंजिनं आणि फाउंड्री यांवर वाढलेली ही वसाहत. झिजलेला नमुना घेऊन जा, मोजमाप घेतील, गनमेटलचा बुश लेथवर काढून देतील आणि कुठं किती क्लिअरन्स ठेवलाय तेही सांगतील. आमच्याकडच्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात, त्याचं श्रेय माझ्या मते या लेथवाल्यांना द्यायला हवं. गाड्यांच्या हौशी मालकांना नंतर.

डिझेलचंही असंच. जुन्या इंजिनानं एअर घेतली, म्हणजे पाइपात हवा शिरली, तर गाडी आहे तिथं उभी. उपाय रस्त्यातच करता येतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू बंद. मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडं जाणाऱ्या पाइपांचे नट सतराच्या पान्यानं थोडे ढिले करून सेल्फ मारायचा. डिझेल उसळलं की आवळायचे. एवढं ज्याला येतं त्याला दाजीपूरच्या जंगलातही घाबरायचं कारण नाही.

हीच कृती नव्या कॉमन रेल इंजिनवर, म्हणजे जिथं सगळ्या नोझलांना एकाच जबर दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं त्यावर, मात्र कुणी करू नये. तिथं इंधनाचा दाब दीड हजार बारच्या पुढं जातो, आणि चालू इंजिनाचा पाइप सैल केला तर बाहेर पडणारी डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण जुन्या गाड्यांवर हात बसलेली माणसंच नव्या गाडीवर सवयीनं पाना लावायला जातात.

आता नव्या गाड्यांबद्दल. थार २०१० मध्ये आली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला अजून पाटेच होते. २ ऑक्टोबर २०२० ला जी थार आली ती मुळापासून वेगळी. मागं कॉइल स्प्रिंग, पुढं दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारी, ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता, आतली जमीन धुऊन पाणी सोडायला बुचं. ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत तिला चार तारे मिळाले. आमच्या जुन्या जीपला दरवाजे म्हणजे ताडपत्री. रात्री पावसात फोंडा घाट उतरायचा असेल तर माझ्या मुलीनं नव्या गाडीत बसावं असंच मला वाटतं. यात कसलाही किंतु नाही. जुनी गाडी आवडते म्हणून एअरबॅग आणि एबीएसला नावं ठेवणाऱ्यांशी माझं कधी जुळलं नाही.

पण नवी गाडी घोडीवर घेतली की खाली हाताला ग्रीसगनचं काम राहत नाही. चाक वळवणारे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, बंद, कारखान्यातच ग्रीस भरून कायमचे मिटलेले. त्यांचं रबर फाटलंय का एवढंच बघायचं; फाटलं असेल तर अख्खा जॉइंट बदलायचा. हे चांगलंही आहे. बहुतेक मालक वर्षानुवर्षं खाली वाकत नाहीत, आणि त्यांच्या गाड्या निपलवाल्या असत्या तर केव्हाच कोरड्या पडून मोडल्या असत्या. फक्त चिखलात राबणाऱ्या माणसाचा त्यात तोटा होतो. दररोज ओढ्यातून जाणाऱ्या गाडीत रबराची एक बारीक चीर आत पाणी घेते, आणि ते पाणी बाहेर ढकलायला कुठं वाटच नसते.

जिप्सीची गोष्ट याहून लोभस. मारुतीनं १९८५ मध्ये ती आणली, ९७० सीसीच्या छोट्या पेट्रोल इंजिनासह. वजनाला हलकी, म्हणून चिखलात रुतायची कमी आणि रुतली तरी चौघांनी ढकलली की निघायची. फोर बाय फोर घालायचं तर खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हातानं फिरवून लॉक करायचे. तिची वारस जिम्नी आपल्याकडं जून २०२३ मध्ये विक्रीला आली. कॉइल स्प्रिंग, एअरबॅग, एबीएस सगळं आहे, पण खाली वाकून बघा: पुढचा अ‍ॅक्सल अखंड, आणि टोकांना तोच गोल बंद नकल, सीलसकट आणि किंगपिनच्या बेअरिंगसकट. एक पाहुणा जिम्नी घेऊन आला होता, तेव्हा मामा सहज खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग उठून म्हणाले, "ह्येला तर आपुन वळखतो की." तो आनंद बघण्यासारखा होता. ब्रेक दाबून चाक हलवायची परीक्षा या गाडीलाही लागू पडते.

नदी-ओढ्याच्या बाबतीत मात्र दोन्ही पिढ्यांना एकच नियम लागतो, आणि तो फार कमी लोक पाळतात. चालून तापलेला डिफरन्शियल, म्हणजे चाकांच्या मधला गिअरचा गोळा, थंड पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि तो जिथून मिळेल तिथून हवा नाहीतर पाणी ओढून घेतो. जुन्या गाडीच्या अ‍ॅक्सलवर ब्रीदरची, म्हणजे हवा आतबाहेर जायच्या भोकाची, बोटाएवढी टोपी असते. ती चिखलानं बुजली की पाणी ऑइल सीलमधून आत येतं. आम्ही त्या जागी नळी बसवून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधली आहे. पावसाळ्यासाठी याहून स्वस्त आणि उपयोगी काम दुसरं नसेल. नव्या गाड्यांत अशा नळ्या मुळातच वर नेलेल्या असतात. तरी खोल पाण्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी बुच काढून आत बोट घालून बघावं. ऑइल चहासारखं गढूळ दिसलं तर त्याच दिवशी बदलावं. आतल्या क्राउन-पिनियन गिअरच्या किमतीपुढं ऑइलची किंमत काहीच नाही.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत एक नवीन बाब आली, डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. धुरातली काजळी या जाळीत साठते आणि इंजिन पुरेसं तापल्यावर जळून जाते. तापायला सलग वेगानं पळणं लागतं. डोंगरातल्या गाडीचं आयुष्य पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातं, म्हणून जाळी भरत राहते. मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो, आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढा, डीपीएफचा दिवा लागला असेल तर काजळी जळून होईपर्यंत बंद करू नका, आणि सांगितलेल्या दर्जाचंच इंजिन ऑइल घाला.

मामांचा भाचा आता शेडमध्ये टॅबलेट आणि स्कॅनर घेऊन बसतो. गेल्या पावसात एक कॉमन रेल गाडी आली. चढाला दम सोडत होती, सपाटीला ठीक. मामांचं ठाम मत, नोझल गेलं. भाच्यानं स्कॅनर जोडला आणि गाडी चढावर नेली. मी मागं बसलो होतो. पडद्यावर रेल प्रेशरच्या दोन रेघा, सपाटीला एकीवर एक. चढ लागला तशी वरची वर गेली आणि खालची मागंच राहिली. मामा पडद्याकडं टक लावून बघत होते.

"ही वरची म्हंजी इंजन मागतंय त्ये, आन खालची म्हंजी मिळतंय त्ये. व्हय?"

"व्हय मामा."

"मग नोझलच्या आधीच कुठंतरी अडकलंय. फिल्टर काढ."

फिल्टर काढला. तळाला पाणी आणि लगदा. नोझलांचा खर्च वाचला. त्या दिवशी मला पटलं की स्कॅनरला घाबरायचं काही कारण नाही. कुठं किती मागणी, कुठं किती पुरवठा, हे ज्याला आतून कळतं त्याला पडदाही वाचता येतो. भाच्याला रेघा दिसत होत्या, मामांना त्यांचा अर्थ लागला, आणि दोघं एका शेडमध्ये आहेत हे त्या गाडीमालकाचं भाग्य.

अडतं ते पुढं. नवीन इंजेक्टर, म्हणजे नोझलचा अख्खा भाग, बसवला तर त्याचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो, आणि त्यासाठीचं सॉफ्टवेअर सगळ्यांकडं नसतं. वायरिंगचा नकाशा, कुठला नट किती आवळायचा ते टॉर्कचे आकडे, कोडचे अर्थ, हे शेडमध्ये बसलेल्या माणसापर्यंत सहज पोचत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही आहेत, ही चांगली सुरुवात. पण माझी अपेक्षा जास्त आहे. खेड्यात, जंगलात, धरणाच्या कामावर जाणारी गाडी म्हणून जी विकली जाते, तिचं पुस्तक तिच्याबरोबर यायला हवं, आणि तेही मराठीत. जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर दोन घाटांपलीकडं असताना गाडीची किल्ली एकाकडं आणि तिच्या आतल्या गोष्टींची किल्ली दुसऱ्याकडं, हे बरं नाही.

कागदपत्रांतही जुन्या गाडीची जागा विचित्र झालीय. पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी पुढं चालू ठेवायची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेली; फिटनेस आणि पर्यावरण कर वेगळा. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये विंटेजचे नियम आले, व्हीए मालिकेचे नंबर आले. पण त्या गाड्या रोज वापरायला परवानगी नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकातली राबती जीप या दोन्हींच्या मधे. ती प्रदर्शनात मांडण्याइतकी जुनी नाही, आणि भंगारात घालायचीही नाही, कारण ती अजून दूध पोचवते. धूर नीट, ब्रेक नीट, दिवे नीट असतील तर अशा गाडीला चालू द्यावं. परीक्षा कडक घ्या, दरवर्षी घ्या, पण गाडीची घ्या, वयाची नको.

यंदा आमच्या जीपचा ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, काढलाय. लो रेंजमध्ये, म्हणजे जास्त ताकदीच्या संथ गिअरमध्ये, उतारावर गिअर निसटत होता. उघडल्यावर शिफ्टिंग फोर्कची बाजू झिजलेली निघाली आणि इंटरमिजिएट शाफ्टवर बेअरिंगच्या जागी खाच पडलेली. फोर्क सांगलीच्या एका जुन्या मालवाल्याकडं मिळाला. शाफ्ट उद्यमनगरात दिलाय, भरून ग्राइंड करायला. शनिवारी देतो म्हणालेत. जोडणी भाचा करणार आहे, मामा खुर्चीवर बसून बघणार आहेत, आणि क्लिअरन्स मोजून वहीत लिहायचं काम माझ्याकडं आहे.